दुधातली गोळी

आमची वहिनी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पोरं तिला 'तोफ' म्हणतात. मैदानाच्या या टोकाला ती ओरडली की त्या टोकाला मारामारी करणारी दोघं एकमेकांची कॉलर सोडून सरळ उभी राहतात. तर अशा बाईचं वजन वाढायला लागलं आणि सगळ्या जगाला कंठ फुटला.

"नवरा आचारी म्हटल्यावर काय, मजाच मजा!" शेजारीण जिन्यात अडवून म्हणायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कसली डोंबलाची मजा! माझा दादा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेकडो लोकांना जेवू घालतो, आणि त्याची बायको दुपारी दोन काकड्या खाऊन उठायची. तरी अंग फुगतच चाललेलं. चेहरा सुजलेला, केस विंचरले की फणीत पुंजका, आणि आम्ही घामाने निथळत असताना हिला स्वेटर हवा. बोलता बोलता खुर्चीतच डोळा लागायचा.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉइड मंदावलंय. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. फरक नाही म्हणून वाढवली. पुन्हा वाढवली. काटा आपला जागचा हलेना. हलला तरी वरच.

मग मुख्याध्यापिकांनी बोलावलं. सत्र संपलं की मैदान दुसऱ्या कोणाला देऊ, तुम्ही कार्यालयात बसा, म्हणाल्या. पालक कुजबुजतात म्हणे, व्यायाम शिकवणारी बाईच अशी. वहिनी घरी आली, हातपाय धुतले आणि माझ्या पलंगावर येऊन बसली.

"मैदान गेलं तर मी काय करू गं? मला दुसरं काही येत नाही. दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही."

मी जवळ घेतलं तिला. दुसऱ्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवणही बंद केलं. दादा ताट वाढून बसायचा, समजवायचा, चिडायचा, शेवटी स्वतःही न जेवता उठायचा. मी दोघांच्या नावाने बोटं मोडत भांडी घासायचे. असं किती दिवस चालणार होतं? एके सकाळी मैदानात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. आम्ही तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला. "एवढ्या डोसने फरक पडायलाच हवा होता. गोळी रोज घेता ना?"

"रोज म्हणजे रोज!" दादाने छाती फुगवली. "मी स्वतः देतो. कामाला निघायच्या आधी, कुटून, कपभर गरम दुधात. वर साय."

"दुधात?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर."

"रिकाम्या पोटी औषध? पोट जाळायचंय का तिचं? माझ्या घरात रिकाम्या पोटी कोणी काही गिळत नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. दुधाबरोबर घेतलेली ही गोळी अंगाला नीट लागत नाही, तासभर तरी दूध, चहा, नाश्ता काही नको, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. डोस आता वाढवायचा नाही, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. आणि उपाशी राहणं आजपासून बंद. वजन लगेच झरझर उतरणार नाही, थोडं उतरेल, बाकी चालणं आणि वेळेवर जेवणं. दादा ऐकत होता, पण त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं होतं.

आणि वहिनी? ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं? मला तर वाटायला लागलं होतं, मी झोपेत उठून खाते की काय!"

तिथून ती थेट शाळेत निघाली. आम्ही मागे. मुख्याध्यापिकांच्या खोलीत दादाने हात जोडले, "बाई, चूक माझी आहे, तिला शिक्षा नको," म्हणून सुरू झाला. वहिनीने त्याला बाजूला केलं.

"तुम्ही गप्प बसा हो. बाई, मला बरं वाटेल, पण मी पूर्वीसारखी बारीक होईन की नाही, माहीत नाही. नाही झाले तर याच अंगाने शिकवीन. इतके महिने मी उपाशीपोटी, पेंगत, धापा टाकत मैदानावर उभी राहिले, एक तास चुकवला नाही. मुलं धावतात की नाही, ते बघा. माझं वजन बघू नका."

मुख्याध्यापिकांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पालकांशी मी बोलते. मैदान तुमच्याकडेच राहू दे."

परत येताना कोपऱ्यावर दादा थांबला.

"इतके महिने मीच तुझं औषध वाया घालवलं. तुला राग नाही आला?"

"आला ना. खूप आला." वहिनीचा तो तोफेसारखा आवाज पार बसला होता. "तुम्ही दूध द्यायचात तेव्हाच मला माहीत होतं, पाण्याबरोबर घ्यायचंय; दुधाने एवढा फरक पडतो हे मात्र ठाऊक नव्हतं. पण झोप मोडून तुम्ही कप घेऊन उभे असायचात. त्या दिवसांत मला न हसता माझ्याकडे बघणारं तोंड ते एकच होतं. मला ते दूध सोडवलं नाही हो."

दादाने भर रस्त्यात तिचा हात धरला. मी पुढे चालत राहिले आणि मुद्दामच मागे वळून पाहिलं नाही.