तलंगीचं माहेर

साकोलीहून निघालेली एसटी त्या दुपारी एवढी पेंगत होती, की रस्त्याकडेचे तलावही आमच्यासोबत डुलत होते. शेजारच्या बाईच्या मांडीवर, पदराच्या झोळीत, नुकतीच अंडी घालू लागलेली तलंग कोंबडी होती. बाई तिचे पाय तळहातानं हळूहळू चोळी, मधेच शिंपल्यांची भुकटी मळलेला भाताचा गोळा भरवी. घास इतक्या मायेनं पुढे येई, की एकदा मीच तोंड उघडलं.

"पाय गेले काय हो हिचे?"

"गेले नाही जी, थकले. हाडातलं सारं अंड्यांत ओतलं पोरीनं. घरी पाहुणे येऊन राहिले, तर सासरे म्हणे, उभी राहात नाही तर कापा."

"मग?"

"पहिलटकरणीले कोणी कापते काय, भाऊ? माहेरी नेऊन राहिली."

"कोंबडीले माहेर?"

"माहं तेच तिचं. अंड्यात होती तवा मायनंच देल्ली."

एकोडीच्या फाट्यावर ती उतरली. तिनं तलंगीला उन्हात पायांवर ठेवलं आणि हात सोडले. बघायला सगळे एकाच बाजूला आले. एसटीची पलीकडची चाकं हवेत होती, शपथ. तलंग थरथरली, क्षणभर उभी राहिली, मग बसली.

बाईनं तिला उचललं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "कोणी इचारलं तर सांगजा, उभी राहाते ती."

तेव्हापासून मी न विचारताही सांगत असतो. फक्त माझ्या सांगण्यात ती आता धानाच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत जाते.