आमसुलात बुडवलेली काडतुसं

अगो पोरी, तुझं पत्र पोचलं. मागच्या खेपेला दिवाळीला येते म्हणालीस आणि उगवलीस कधी, तर आंबे संपल्यावर! रेवसची बोट काय तुझ्यावर रुसली होती? असो. काकांच्या नोकरीतली एखादी हकिगत लिहून दे म्हणतेस. त्यांना विचारलं तर म्हणतात, "त्या काडतुसांची लिही. ते प्रकरण तुझंच." म्हणून लिहिते. अक्षरं मी ह्यांच्या जुन्या डायऱ्यांवर बोट फिरवून शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

इतकी वर्षं झाली, पण ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. हे तेव्हा खाडीकाठच्या ठाण्यावर फौजदार होते. उजाडता उजाडता माडावर चढायला निघालेल्या एका भंडाऱ्याच्या मांडीत गोळी घुसली. मारणारा कुणी पाहिला नाही. डॉक्टरांनी गोळी काढली, ती घरी ओतलेल्या शिशाची. गावात परवान्याची रायफल एकच, एका बागायतदाराची, डुकरं मारायला. पण त्यांची काडतुसं मुंबईहून आलेली, तांब्याचा पत्रा चढवलेल्या गोळ्यांची. त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात बिनसहीची चिठ्ठी आली. 'कोळीवाड्यात शिसं कोण ओततो ते बघा. जाळ्यांच्या खोपटात शोधा.' हे पंच घेऊन गेले. जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्या एका कोळ्याच्या खोपटात तंबाखूचा डबा सापडला. आत पितळेची रिकामी काडतुसं, पुन्हा भरण्यासाठी तयार केलेली. कोळ्याचं आणि त्या भंडाऱ्याचं वाटेवरून भांडण झालेलं होतंच. पंचनामा झाला, कोळी कोठडीत गेला. बंदूक सापडली नाही, तर हवालदार म्हणाला, "समुद्रात टाकली असंल."

घरातल्या बायकांची झडती घ्यायला मला नेलं. त्या काळी ते काम ठाण्यातल्या कुणाच्या तरी बायकोवरच यायचं. कोळणीचं लुगडं न् लुगडं मी झटकलं. खोटं कशाला सांगू, मनात तिला चोराची बायको ठरवूनच झटकलं. माझं झालं तेव्हा तिने तांब्याभर पाणी पुढे केलं. "पी बाय. उन्हाची आलीस." तांब्या असा लख्ख पिवळा, की त्यात तोंड दिसावं.

इकडे ठाण्यात ह्यांनी सकाळभर विचारपूस केली. कोळ्याचं एकच. "मी जाल्याच्या गोल्या ओतताव साहेब. बंदुकीचा तोंडपन नाय बगला." दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. कलम असं, की सुटका नाही. आणि ह्यांना जेवण जाईना. मुद्देमालाचा डबा समोर ठेवून बसले. मला म्हणाले, "हे बघ, वापरलेलं काडतूस पुन्हा भरायचं तर आधी धुवायचं, मापात आणायचं, मग तोंड केसभर पसरायचं. नाहीतर मऊ शिसं आत शिरताना कडेला सोलून निघतं. ह्याने तोंडं बरोबर पसरली आहेत. हे जाळं विणणाऱ्याला कुणी शिकवलं?"

मी एक काडतूस हातात घेतलं. मला त्यातलं काय कळणार! पण पितळ मला कळतं. म्हटलं, "अहो, हे गुलाबी का पडलंय?" मग नाकाशी धरलं. आंबट, आमसुलाचा वास. पितळ आंबटात भिजत राहिलं की असं तांबूस पडतं. जिने जन्मभर भांडी घासली ती चोळते आणि लगेच धुते. "हे बाईने धुतलेलं नाही," मी म्हणाले, "आणि कोळणीच्या घरचंही नाही."

हे उठलेच. आधी कोळीवाड्यात, मला बरोबर घेऊन. कोळीण म्हणाली, "आमचे घरान कोकम नाय बाय. आमी चिंच लावताव नि लगेच धुताव."

तिथून बागायतदाराकडे, कारण काडतुसांची एवढी माहिती रायफल बाळगणाऱ्यालाच असणार, आणि ती गावात एकाच घरी. मी बाहेर पायरीवर बसले, आतलं सगळं ऐकू येत होतं. ह्यांनी पाणी मागितलं.

"वहिनी दिसत नाहीत?"

"मुंबईला गेल्यात. लेकीचं बाळंतपण."

"मग हा तांब्या?"

"मीच घासतो की!" गृहस्थ मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "घासतो कसला, आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. सकाळी आपोआप स्वच्छ. बायका उगाच हात झिजवतात."

"रंग जरा गुलाबी आलाय," हे म्हणाले, आणि तांब्याशेजारी डबा उघडून ठेवला.

नंतर रडणं ऐकू आलं. परवान्यावर काडतुसं मोजून मिळत, डुकरं काही मोजून येत नाहीत, म्हणून गृहस्थ घरीच भरत होते. धुक्यात डुक्कर समजून बार काढला, तो माणसाला लागला. घाबरले. शिसं ओततो म्हणून सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या कोळ्याच्या खोपटात डबा ठेवला, चिठ्ठीही त्यांचीच. जबानी झाली. दिवेलागणीच्या आत कोळी घरी गेला.

हे नेहमी म्हणतात, चिठ्ठीत जागा इतकी नेमकी लिहिलेली असली की आधी लिहिणाऱ्याचा शोध घ्यावा. खरंच आहे. पण मी वेगळंच शिकले. बायकोला नाक खुपसू नको म्हणणारे फौजदार मी पुष्कळ पाहिले. ह्यांनी माझं ऐकलं, आणि वरिष्ठांपुढे माझ्याच नावाने सांगितलं. त्या उपकाराची फेड नाही. आणि जिच्या घराची मी उलथापालथ केली, ती आठ दिवसांनी सुक्या बोंबलांची माळ घेऊन दारात आली. मला तोंड वर करवेना. म्हणाली, "तू आलीस म्हनून त सुटला ना माजा घोव! बस बाय, रडतेस काय?"

तेव्हापासून तिचं-माझं जाणंयेणं आहे. आता तिला दिसत नाही, पण माझं पाऊल ओळखते. त्या नवऱ्याने पुढे चाळीस वर्षं जाळी टाकली, नातवाचं लग्न पाहून गेला. तुझ्याबद्दल तिला सांगितलंय, ती विचारत असते. तर पोरी, या खेपेला आंब्यांची वाट बघू नकोस. लवकर ये, दोघी मिळून तिच्याकडे जाऊ.