डोळेमिट्यांचं नाक

डोळेमिटे मिस्त्री गाडी कधी स्वतः चालवून बघत नसत. गिऱ्हाइकाला चालवायला लावायचे, आपण मागच्या सीटवर ऐसपैस बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. नवखं गिऱ्हाईक आरशातून बघून हबकायचं, की हे महाशय झोपले की काय! झोपलेले नसत. ऑटोमॅटिक गाडी आपणहून गिअर बदलते तेव्हा हलकासा श्वास घेते आणि तो पाठीच्या कण्याला कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्या अर्धवट गुंगीत त्यांना अख्खा गिअरबॉक्स आतून दिसायचा. तेलाने भरलेल्या अरुंद वाटा, त्यात सावकाश फिरणाऱ्या चकत्या आणि त्यांच्यामधून आरामात हिंडणारे ते स्वतः.

शेवटचा निकाल मात्र नाक द्यायचं. पांढऱ्या फडक्यावर तेलाचा थेंब घ्यायचा आणि हुंगायचा. चकत्या जळल्या असतील तर तेल करपट येतं. डोळेमिट्यांनी वास घेतला म्हटल्यावर कोणी हुज्जत घालत नसे. आणि हेच नाक मागच्या तापात कामातून गेलं होतं. मिस्त्रींनी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. शंका आली की सरळ गिअरबॉक्स उघडायचे, म्हणजे हुंगायची गरजच उरत नसे.

अशात एका दुपारी शाळेतल्या बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. बाईंच्या डाव्या पायात जोर नव्हता. क्लच दाबावा न लागणारी ही एकच गाडी त्यांना चालवता येई आणि तिच्यामुळेच त्यांना कुठे जायला कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नसत.

"दुसऱ्या गॅरेजवाल्याने भंगारात काढा म्हणून सांगितलंय," बाई म्हणाल्या.

मिस्त्री मागे बसले, डोळे मिटले. बाईंनी गिअरचा दांडा 'ड्राइव्ह'वर टाकला. गाडी क्षणभर विचारात पडली, मग उगाच धक्का देऊन निघाली. चढावर इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी आपली स्वप्नात चालल्यासारखी तरंगत राहिली. कशीबशी परत आली. इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि रंगाने तपकिरी. नुसतं जुनं, की जळलेलं? जुनं असेल तर गाडी वाचली. जळलेलं असेल तर संपलीच. उघडून बघावं, तर या गाडीची सीलं आता कुठे मिळत नव्हती. एकदा उघडली की कायमची उघडी.

त्यांनी फडकं हुंगलं. काही नाही. कोऱ्या कागदाला नाक लावावं तसं.

"जरा वर जाऊन येतो," म्हणाले आणि जिना चढले.

वरच्या स्वयंपाकघरात ऊन कलतं होऊन फरशीवर पसरलं होतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी काही न बोलता फडकं पुढे केलं. तिनेही काही न विचारता ते नाकाशी नेलं.

"जुनं आहे. करपलेलं नाही."

"नक्की?"

"अहो, तीस वर्षं तुमचे कपडे धुतेय. जळक्या गिअरबॉक्सचा दिवस मला बादलीतच कळतो."

मिस्त्री खुर्चीवर टेकले. "तुला कधी कळलं?"

"शेजारी दूध करपलं आणि तुम्ही पेपर वाचत बसलात, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

मिस्त्रींना भरून आलं. फडकं घेऊन ते तसेच खाली उतरले.

गाडीखाली गळतीचा ठिपकाही नव्हता. मग तेल गेलं कुठे? विचारल्यावर बाई ओशाळल्या. इंजिन ऑइल बघतात तसं त्या हेही तेल दर आठवड्याला, गाडी बंद असताना बघायच्या. दोनदा जास्त दिसलं म्हणून नळीने थोडं काढलं होतं.

"अहो बाई, गाडी बंद केली की सगळं तेल खाली येऊन बसतं, जास्त दिसणारच! हे चालू गाडीत मोजायचं. तुम्ही चांगल्या गाडीला उपाशी ठेवलंत."

मिस्त्रींनी थोडं थोडं तेल ओतलं, दांडा एकेका जागेवर थांबवत फिरवला, पुन्हा पट्टी बघितली. मग दोघं निघाली. गाडीने पहिला श्वास घेतला, दुसरा घेतला आणि चढावर आली तरी इंजिन ओरडलं नाही. झाडांच्या सावल्या मिस्त्रींच्या मिटलेल्या पापण्यांवरून सरकत होत्या. कुठे उतरूच नये असं वाटत होतं.

"तुमच्या नाकाला मानलं हं, मिस्त्री!" बाई खूश होऊन म्हणाल्या.

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"नाक गेलंय माझं, बाई. तापात गेलं. वास आमच्या मंडळींनी घेतला."

बाई हसल्या नाहीत. चढ संपल्यावर त्यांनी आरशातून मागे बघितलं.

"पायाचं लोकांना सांगायला मला वीस वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तुम्ही लवकर सांगितलंत."