दगडावरचं तिसरं नाव

आमच्या कामगार वसाहतीतलं मैदान महापालिकेनं केलेलं नाही, हे आधीच सांगतो. कंपनीत बॉयलर फुटून पाच जण गेले. त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या जागेवरचे धोंडे वेचले, मुरूम पसरला आणि एका टोकाला पाच नावांचा कमरेएवढा काळा दगड उभा केला. तिसरं नाव माझ्या थोरल्या भावाचं.

पोरांनी त्या दगडाचेच स्टंप केले. त्यांना काय, आयतीच सोय! बॉल वरच्या दोन नावांना लागला तर उंच म्हणून नॉट आऊट, भावाच्या नावापासून खाली आऊट. त्यामुळे भांडणं सगळी त्याच्याच नावावरून. रोज संध्याकाळी त्याच्या नावाचा कल्ला आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. आई तिथं भाजी निवडत बसलेली असायची.

मला संताप यायचा. दगडावर बॉलचे डाग, आणि मेलेल्या माणसाच्या नावावरून शिवीगाळ! चाकणहून पहिली शिफ्ट करून आलो की डोकं आणखीच फिरायचं. शेवटी मी सह्या गोळा केल्या, नगरसेवकाकडे खेटे घातले. काम झालं, अगदी झकास झालं. नवा ग्रॅनाइट, भोवती कठडा, लॉन, चालायचा ट्रॅक आणि फाटकावर पाटी : उद्यानात खेळण्यास सक्त मनाई. उद्घाटनाला मला शाल दिली. मला काहीच वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? भाऊ गेल्यापासून, तो संताप सोडला तर, तसंच आहे. जेवतो, कामाला जातो, झोपतो.

तीन-चार दिवसांनी आई गॅलरीतून म्हणाली, "पोरं आजबी आली न्हाईत का रं?"

"आता तिथं खेळायला बंदी आहे, आई. मीच मागं लागून करून घेतलं सगळं."

तिनं निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "घरात तर कुणी त्याचं नाव काढत न्हाई. तेवढी ती पोरं घ्यायची. म्हणून तर मी हितं बसायची."

मला वाटायचं, तिला त्रास होतो. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

"आता तू तरी घे," ती म्हणाली. "एकदा मोठ्यानं घे."

मी तोंड उघडलं आणि "दादा" एवढंच आलं. जन्मात त्याला नावानं हाक मारलेली नव्हती.

"न्हाई," आई म्हणाली. "नाव घे."