वस्तीच्या गाडीसाठी दोनशे वीस रियाल

तारीख १२ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार. जागा, ओमानमधल्या अल हैलचं आमचं भाड्याचं घर. जमा रक्कम दोनशे वीस रियाल. हजर अकरा माणसं, सगळी आमच्या एका गावची. चहा करणारी माझी बायको त्याच गावची सून, पण तिला हजेरीत कुणी धरलं नाही. हे तिनेच मला नंतर ऐकवलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

वर्गणीचं कारण असं. कोकणातलं आमचं गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटर आत आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास तालुक्याहून सरकारी बस येते, रात्री गावातच थांबते आणि सकाळी सहा दहाला परत निघते. तिला सगळे वस्तीची गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपतात आणि त्यांचं रात्रीचं जेवण गावात पाळीने होतं, आज या घरी तर उद्या शेजारच्या. मी शाळेत होतो तेव्हा ही पाळी एकेचाळीस घरांत फिरायची. २०१६ साली चूल पेटणारी घरं चौदा उरली होती. बाकीच्या घरांच्या किल्ल्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांतले काही माझ्या हॉलमध्ये बसले होते, आणि त्यांत मीही होतो.

डेपोने गावाला कळवलं होतं की एक मार्चपासून ही गाडी बंद. सरकारकडून मिळणारे पैसे आटले होते, तेव्हा तोट्याच्या फेऱ्या आधी काढा असं वरून आलं होतं म्हणे. सकाळच्या गाडीला पंधरा-सतरा माणसं, त्यांतली नऊ शिकणारी मुलं, आणि मुलींना पास फुकट. कागदावर ती फेरी तोट्यातच दिसणार, हे मला न सांगताही कळत होतं.

त्या नऊ मुलांत माझ्या चुलत भावाची मुलगी होती. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, इथेच ओमानात खाबुऱ्याला एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला. आमच्या घराण्यात सायन्स घेतलेली ती पहिली. गावात दुसरी गाडी येत नाही. हमरस्त्याचा फाटा सहा किलोमीटर लांब, मध्ये एक चढ आणि बराचसा रस्ता रानातून. गाडी बंद म्हणजे तिचं कॉलेज बंद, इतकी ती सरळ गोष्ट होती.

"जीप लावू," भाऊ म्हणाला. "जीपवाला महिन्याचे अठरा हजार सांगतोय."

"दोन महिन्यांचे छत्तीस," मी म्हणालो. "तेवढ्यात परीक्षा होतील. माणशी वीस रियाल काढले तर आजच्या एकशे शहात्तरच्या भावाने अडतीस हजार सातशे वीस होतात."

कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "अरे, हा माणूस आहे का कॅल्क्युलेटर? ओव्हरटाइम बंद झालाय ते धरलंस का त्यात?"

"धरलं. म्हणून वीस. नाहीतर पंचवीस सांगणार होतो."

सगळे हसले आणि पाकिटं निघाली. ते वर्ष वाईट होतं. तेलाचा भाव कोसळला होता, जानेवारीत इथलं पेट्रोल महागलं होतं, कंपन्या माणसं परत पाठवत होत्या. तरी अकराच्या अकरा जणांनी तिथल्या तिथे पैसे दिले. गाडी का बंद करताय, असं डेपोला विचारावं, हे मात्र एकालाही सुचलं नाही. आम्ही परक्या देशात राहणारी माणसं. इथे जे ठरेल ते मान खाली घालून ऐकायचं आणि आपलं काम करायचं, ही आमची वीस वर्षांची सवय. ती इतकी अंगात मुरली होती की आपल्या गावाच्या बाबतीतही आम्हाला फक्त पैसे पाठवता येत होते.

माझी नोकरी स्कॅफोल्डिंग पुरवणाऱ्या कंपनीत, हिशेब खात्यात. दर बुधवारी बिलं तपासून घ्यायला सोहारच्या एका कारखान्यात जावं लागायचं. तिथे ज्या केबिनमध्ये मला टेबल दिलं होतं, तिथे एक आयरिश माणूस बसायचा, वेल्डिंगचा इन्स्पेक्टर. तिकडची कामं बंद पडली म्हणून २०११ साली इकडे आलेला. पन्नाशीचा, लालबुंद, चहात चार चमचे साखर घालणारा.

"काय हिशेबनीस," त्या बुधवारी माझा पडलेला चेहरा बघून त्याने विचारलं, "कोण गेलं?"

मी त्याला गाडीचं सांगितलं. वर्गणीचंही सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज जरा अभिमानाचा झाला असावा.

त्याने चमचा खाली ठेवला. "म्हणजे पैसे त्यांचे वाचले आणि भरले तुम्ही. हा कसला हिशेब?"

मग त्याने त्याच्या गावाचं सांगितलं. तिथलं सार्वजनिक वाचनालय आठवड्यातून पाच दिवस उघडं असायचं. सरकारने खर्च कापला आणि ते एका दिवसावर आणलं. गावाने भांडण केलं नाही, मदत केली. उरलेले दिवस गावकरीच पाळीपाळीने बसू लागले. त्याची आई किल्ली घेऊन जायची, हिवाळ्यात स्वतःच्या पैशांनी हीटर लावायची. तीन वर्षांनी कौन्सिलने तिला आभाराचं पत्र पाठवलं आणि इमारत विकायला काढली. आमच्याशिवाय तुमचं छान चालतं, असं त्यांचं म्हणणं.

"शेजारच्या गावाने किल्ली घेतली नाही," तो म्हणाला. "दर शनिवारी ते बंद दारासमोर जाऊन उभे राहायचे. म्हातारे, पोरं, सगळे."

"मग?"

"दोन दिवस परत मिळाले. पाच होते."

"आणि तुमच्या आईचं पत्र?"

"ते मी फ्रेम करून दिलं होतं," तो म्हणाला. "ती अजून माझ्याशी धड बोलत नाही."

एक मार्चला गाडी बंद झाली आणि जीप सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात भावाची बायको गावातल्या सहा बायकांना घेऊन डेपोत गेली. तिचा मला फोन आला.

"दादा, आम्ही गाडी मागायला गेलो होतो, जीपचं कौतुक ऐकून आलो."

"म्हणजे?"

"मॅनेजर म्हणतो, तुमची जीप चालू आहे ना, ओमानवाल्यांची? मग अडचण कसली? दुसऱ्या गावांनी तुमच्याकडून शिकावं, म्हणतो."

त्या शुक्रवारी मी खाबुऱ्याला गेलो. गॅरेज बंद होतं, पण भाऊ आत एका पिकअपच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवत होता. सुट्टीच्या दिवशी तो अर्बाबची, म्हणजे मालकाची, ओळखीची कामं करायचा. मी म्हणालो, जीप बंद करावी लागेल. जीप आहे तोवर गाडी येणार नाही.

तो वळला नाही. कागद नीट चिकटवून झाल्यावर म्हणाला, "तत्त्व तुझं, पोरगी माझी."

"तसं नाही रे."

"तसंच आहे, दादा. तुझ्या मुलाला स्कूलबस दारातून उचलते, दारात सोडते. माझी रानातून चालणार. बापाने खिशात पैसे ठेवून तिला चालवायचं?"

मी सांगितलं, तिलाच विचारू. त्याने फोन लावला आणि पिकअपच्या बॉनेटवर ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, डेपोतलं आणि वाचनालयाचंही.

"मोठे काका, माझी परीक्षा नऊ एप्रिलला संपते," ती म्हणाली. "तोपर्यंत जीप राहू दे. नापास झाले तर बाबा मला सोडणार नाहीत आणि मी तुम्हाला."

"आणि नंतर?"

"जूनमध्ये बारावी. वर्गणी अख्खी बारावी पुरेल?"

"नाही."

"मग गाडीच लागेल ना," ती म्हणाली.

भावाने फोन उचलून खिशात टाकला. "आईवर गेली आहे," एवढंच म्हणाला आणि मला जेवायला घेऊन गेला.

नऊ एप्रिलनंतर जीप बंद केली. जीपवाल्याला एक महिना नऊ दिवसांचे, दहा धरून, चोवीस हजार दिले. माझ्याकडे चौदा हजार सातशे वीस उरले.

त्यानंतर दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, गावातल्या बायका फाट्यापर्यंत चालत जायच्या, तिथून डेपोत, आणि तोच अर्ज पुन्हा देऊन मॅनेजरच्या दारासमोर बसायच्या. पाय दुखतात म्हणून दोन म्हाताऱ्या अनवाणी बसायच्या, चपला शेजारी. जीपचं कारण संपल्यावर मॅनेजरने दुसरं काढलं: मुक्कामाला सोय नाही, आमची माणसं राहायला तयार होत नाहीत.

त्या रात्री भावाच्या बायकोचा फोन आला, तेव्हा ती संतापली होती. "सोय नाही म्हणतो! तीस वर्षं यांच्या माणसांना आम्ही जेवू घातलंय. आमच्या पोरांना भात कमी पडला असेल, यांना नाही. दादा, तुम्ही हिशेब करा बघू."

मी केला. वर्षाच्या सगळ्या रात्री धरल्या तर दोन माणसांची तीस वर्षांत एकवीस हजार नऊशे ताटं. चाळीस रुपये ताट धरलं तर आठ लाख शहात्तर हजार. जन्मभर हिशेब केले, पण हा आकडा कधी कुठल्या रकान्यात बसला नव्हता, डेपोच्याही नाही आणि आमच्याही.

"पैशांचा आकडा अर्जात नको," ती म्हणाली. "उद्या म्हणेल, घ्या तेवढे आणि गप्प बसा. ताटांचा लिहा."

ताटांचा लिहिला. तो वाचून मॅनेजर हसला, मग त्याने अर्ज पुन्हा वाचला, असं तिने सांगितलं. पुढच्या सोमवारी दोन ड्रायव्हरांनी आपणहून लिहून दिलं की या गावच्या मुक्कामाला आमची हरकत नाही. एकाने खाली जोडलं होतं, जेवण वेळेवर असतं.

तरी जून उजाडला आणि गाडी आली नाही. बारावी सुरू झाली. मुलगी पहाटे पावणेपाचला टॉर्च घेऊन आईबरोबर निघायची, फाट्यावर सव्वासहाची गाडी पकडायची. परत येताना अंधार. दोनदा तापाने पडली, फिजिक्सची पहिली चाचणी बुडाली. भावाने एकदाच फोन केला. "दादा, पैसे आहेत ना अजून तुझ्याकडे?" मी आहेत म्हणालो. पण जीप लाव म्हणालो नाही. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तिला काही झालं तर?" चौदा हजार सातशे वीस. तो आकडा मला त्या महिन्यात बघवत नव्हता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तीची गाडी परत आली. शनिवारची वस्ती मात्र काढून टाकली होती, म्हणजे रविवारी सकाळी गाडी नाही. बायकांनी ड्रायव्हरला ओवाळलं नाही की हार घातला नाही. पाळी जिथे थांबली होती त्या घरापासून पुढे सुरू केली.

सोहारच्या त्या इन्स्पेक्टरचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपलं. निरोप घेताना त्याने विचारलं, "किती दिवस मिळाले?"

"सहा. सात होते."

तो हसला नाही. "आमच्यापेक्षा बरं," म्हणाला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

सप्टेंबरात अकराही जण पुन्हा आमच्याकडे जमलो. या वेळी बायको पुढे बसली होती. उरलेले पैसे ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाला द्यावेत असं ठरलं, पण भावाच्या बायकोने फोनवरून नकार दिला. "जेवणाचे पैसे घेतले की ती खानावळ झाली. तुम्हाला काही करायचंच असेल तर येऊन आपली पाळी सांभाळा." मग प्रत्येकाच्या घरी एक हजार तीनशे अडतीस रुपये परत पोचवले. दोन रुपये उरले, ते मी वेगळे ठेवले.

डिसेंबरात रजेवर गेलो तेव्हा घराचं कुलूप काढलं आणि बायकोने स्वतः जाऊन पाळी मागून घेतली. रात्री ड्रायव्हर आणि कंडक्टर आमच्या ओटीवर जेवले. सोलकढी दोनदा घेतली. सकाळी सहा दहाच्या गाडीत मी चढलो. भावाची मुलगी खिडकीशी बसून, दिवा मिणमिणता म्हणून पुस्तक डोळ्यांजवळ धरून, गणितं वाचत होती. तिने माझ्यासाठी दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

कंडक्टर आला, तिचा पास बघितला आणि माझ्यासमोर घुटमळला. "राहू द्या हो, काल तुमच्याकडेच जेवलो."

"म्हणूनच तिकीट द्या," मी म्हणालो. "कागदावर गाडीत एक माणूस कमी दिसायला नको."

तालुक्यापर्यंत एक पूर्ण, सव्वीस रुपये. त्यांतले दोन वर्गणीतले, चोवीस माझे. कंडक्टरच्या हातात दिले.