सात दिवसांचं फुकट सभासदत्व

माझे सासरे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. मनमाडच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे दोन गाड्यांच्या मधे वेळच वेळ असायचा, म्हणून ते टपालाने बुद्धिबळ खेळत. एक चाल पोस्टकार्डावर लिहून पाठवायची आणि समोरच्याच्या उत्तराची आठ-दहा दिवस वाट बघायची. एकेक डाव वर्षभर चाले. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे नाशिकला आले, तोवर त्यांच्या बरोबरीचे खेळाडू थकले होते, काही गेलेही होते. पत्रं हळूहळू बंद झाली.

दोन हजार चार-पाचचा काळ असेल. मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. घरी नवऱ्याने कॉम्प्युटर घेतला होता. इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवर चाले, ते सुरू असलं की घरचा फोन बंद. त्यावर जगभरातल्या लोकांशी बुद्धिबळ खेळता येतं हे बाबांना समजलं आणि ते एका बोटाने का होईना, पण टाइप करायला शिकले. सासऱ्यांना मी बाबाच म्हणायचे.

क्रेडिट कार्ड माझ्या नावावर होतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये दोन मुली फॉर्म भरून घ्यायला आल्या होत्या, कार्डासोबत प्रवासाची बॅग देत होत्या. मी बॅगेसाठी सही केली. कार्ड आलं ते कपाटातच पडून राहिलं.

एके दिवशी सकाळी मी डबे भरत होते. कंपनीची बस यायला दहा मिनिटं होती. बाबा आतून म्हणाले, "अगं, इथे एक क्लब आहे. सात दिवस सभासदत्व फुकट देतायत. फक्त कार्डाचा नंबर हवाय."

"फुकट आहे तर कार्ड कशाला?"

"वय पडताळायला म्हणे. पैसे घेणार नाही असं लिहिलंय."

मी कार्ड काढलं आणि एका हाताने सँडलचा पट्टा लावत सोळा आकडे वाचून दाखवले. मागचे तीनही सांगितले. बाबा प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून खात्री करून घेत होते, पुढच्या स्टेशनवरून आलेला निरोप लिहून घ्यावा तसे. "झालं," ते म्हणाले, आणि मी बसकडे पळाले.

आठवडाभर ते खुशीत होते. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाला त्यांनी हरवलं. मग ती साइट त्यांना खेळायला आत घेईनाशी झाली. मुदत संपली असेल असं समजून बाबांनी तो विषय सोडून दिला.

बँकेची पाकिटं येत होती. कार्ड मी कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे ती न फोडता ड्रॉवरमध्ये टाकत होते. शेवटी ऑफिसात वसुलीचा फोन आला तेव्हा घरी येऊन सगळी फोडली. त्या क्लबची वर्गणी तीन महिने डॉलरमध्ये कापली जात होती. शिवाय वजन उतरवणारा चहा आणि रोजचं राशिभविष्य अशा आणखी दोन वर्गण्या होत्या. आमच्या घरात या दोन्हींतलं कोणालाच काही नको होतं.

नवऱ्याने कागद हातात घेतला. "हे काय आहे?"

"बाबांनी कुठेतरी नंबर भरला," मी म्हणाले.

बाबा तिथेच खुर्चीवर मटार सोलत बसले होते. "हो, मीच भरला," ते म्हणाले.

"बाबा, कोणीही मागितलं की देऊन टाकायचा का?" नवरा वैतागून बोलला. बाबा खाली बघून सोलत राहिले. नंबर मी वाचून दाखवला होता, हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

बँकेतला अधिकारी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, कार्ड चोरीला गेलं असतं तर वेगळी गोष्ट. इथे नंबर तुम्हीच दिलाय." सभासदत्व रद्द करायला साइटवर गेलो, तर एकामागून एक पानं उघडत शेवटी पुन्हा कार्डाचाच नंबर मागितला. "हा तर फिरवून त्याच फलाटावर आणतोय," बाबा म्हणाले. साइटच्या तळाशी एक पत्ता होता. त्यावर त्यांनी रेल्वेच्या इंग्रजीत खरमरीत पत्र धाडलं. काही आठवड्यांनी ते परत आलं, असा कोणी इथे नाही म्हणून. बँकेने कार्ड बंद केलं, शेवटच्या महिन्याचे पैसे परत दिले. आधीचे गेले ते गेले.

कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांची महिन्याला सभा असे. त्या महिन्यात चिवडा आमच्याकडे होता, म्हणून मीही हॉलवर गेले होते. विषय संपत आले तेव्हा बाबा उठले.

"लाइन क्लिअर असल्याशिवाय मी उभ्या नोकरीत एकही गाडी सोडली नाही," ते म्हणाले, "आणि इथे फुकट शब्द वाचला आणि सोडून दिली." मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझा उल्लेख केला नाही. मी चिवड्याच्या डब्यापाशी उभी होते, मान वर करवत नव्हती.

मग पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माझ्याकडूनही घेतलाय नंबर. आरोग्याचं मासिक फुकट पाठवतो म्हणाले. मुलाला अजून सांगितलेलं नाही." मागच्या बाजूने एका गृहस्थांनीही हात वर केला.

परतताना मी म्हटलं, "बाबा, नंबर मी वाचला होता. तुम्ही घरीही सांगितलं नाहीत."

ते चालता चालता थांबले. "तुला बसची घाई आहे हे बघूनच मी विचारलं होतं. निवांत बसून वाचलं असतंस तर नाही म्हणाली असतीस."

मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट हलकं वाटलं. जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिला.

"म्हणजे दोघांनी मिळून?"

"हो," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बँकेचे कागद घेऊन आमच्याकडे आल्या. बाबांनी त्यांना अर्ज लिहून दिला. त्यांचं लवकर लक्षात आलं होतं, त्यामुळे एक हप्ता सोडून बाकी सगळे पैसे परत मिळाले. त्यांनी अर्जावर सही करण्याआधी बाबांनी एकच अट घातली होती, की घरी जाऊन मुलाला सांगायचं. त्या घरी जाईपर्यंत थांबल्या नाहीत, आमच्याच फोनवरून त्याला फोन लावला आणि दारापाशी उभं राहून, शाळेत बोलायच्या तशा स्पष्ट आवाजात, सांगून टाकलं.