कोमट लागलं की सांगजा

उजवा खांदा आखडला तेव्हा मला पहिली काळजी पडली ती होणाऱ्या जवाईबुवांच्या कानाची. धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. मुलगा काटोलचा, संत्र्याच्या बागा असलेला, आणि आमच्या घरात शिरताना दारात वाकावं लागेल एवढा उंच. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो: बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे. वडील नव्हते, भाऊ मी एकटाच. शुभकार्यात डावा हात चालत नाही, आणि माझा उजवा छातीच्या वर जाईना. गांधीबागेतल्या कापड दुकानात वरच्या फळीवरून टेरिलीनचे तागे ओढून ओढून खांद्यानं राजीनामा दिला होता. सदरा बायको घालून द्यायची, केस बहीण विंचरायची, आणि भांग मुद्दाम मधोमध पाडायची.

ही बहीण माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला ती याच उजव्या खांद्यावर बसायची, आणि काळ्या मारबतीचा अक्राळविक्राळ पुतळा समोर आला की भीतीनं माझे केस मुठीत धरायची. त्यामुळे कान पिळायला चुलतभावाला उभं करू, असं आई म्हणाली तेव्हा मी भडकलो.

"दुसरा कोणी नाही पिळणार. मीच पिळीन."

डॉक्टरांनी विजेचा शेक घ्यायला सांगितलं. घरातला फ्यूज उडाला तरी विजेच्या भीतीनं शेजाऱ्याला हाक मारणारा मी. दवाखान्यात शेकाच्या खोलीत कपाटाएवढं मशीन होतं, त्यातून दोन जाड वायरी निघालेल्या, टोकाला रबरी गाद्या. त्या खांद्याला मागून-पुढून बांधून तिथल्या बाईंनी मला लाकडी खुर्चीवर बसवलं. समोर गुडघा दाखवायला आलेल्या एक आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"शेक किती झाला हे मशीनले नाही समजत, भाऊ," बाई म्हणाल्या. "ते तुम्हालेच समजते. कोमट लागलं की सांगजा, मी तिथंच थांबवते."

कोमट लगेच लागलं. पण आजी ऐकत होत्या. शिवाय बाहेर डांबर चपलांना चिकटत होतं. अशा उन्हात जन्म काढलेल्या नागपूरकरानं कोमटाची तक्रार करायची?

"काहीच नाही लागत, बाई. वाढवा."

त्यांनी वाढवलं. "आता?"

"छ्या! ऊन याच्याहून जास्त आहे."

आजी हसल्या आणि मी चेकाळलो. बाईंनी आणखी थोडं वाढवलं. खांदा चरचरायला लागला तेव्हा मी दात आवळून छताचा पंखा बघत होतो, तोंडावर हसू ठेवून.

घरी सदरा काढताना बायको किंचाळली. खांद्यावर लिंबाएवढा फोड आला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो बघून कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, काहून नाही सांगितलं?" आजी आजही समोरच होत्या. शेक बंद झाला. आता भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा, एवढाच इलाज उरला. माझी बोटं इतकी सावकाश चढायची की भिंतीवरची पाल मला ओलांडून पुढे जायची.

लग्नापर्यंत हात कसाबसा खांद्याच्या रेषेत आला. जवाईबुवांचा कान त्याच्याही वीतभर वर होता. भटजींनी बोलावलं, मी हात उचलला, आणि तो त्यांच्या हाराशी अडकला. डाव्या हातानं रेटून बघितला, तरी नाही. मांडवात खसखस पिकली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात नवरीच मोठ्यानं बोलली.

"खाली वाका ना जी. दादाचा हात वर जात नाही."

ते वाकले. मी कान धरला. पाठ करून ठेवलेली धमकी द्यायची राहून गेली, पण कान चांगला पिळला.

निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि डोकं नेमकं उजव्या खांद्यावर टेकवलं, भाजलेल्या जागेवर. मी दचकलो ते तिला कळलं.

"दादा, दुखून राहिलं का?"

काहीच नाही, हे जिभेवर आलंच होतं.

"दुखून राहिलं," मी म्हणालो.

ती घाईनं डोकं उचलायला लागली.

"राहू दे," मी म्हणालो.